आगरांच्या सावलीतला रस्ता

रेडिओवरून रस्ता दाखवता येत नाही, तो ऐकवावा लागतो. आज ज्या रस्त्याबद्दल बोलणार आहे त्याच्या बाबतीत मला ही अडचण वाटत नाही, कारण सायकलवर बसलेल्या माणसाला तो कानांनीच जास्त कळतो. मोटारीच्या काचा लावलेल्या असतात. मोटरसायकल स्वतःच एवढी बोलते की दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. सायकल तेवढी गप्प असते; अर्थात साखळीला तेल घातलेलं असेल तर.

रस्ता रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा. मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेला निघायचं. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड; मग आगरदांड्याला खाडी ओलांडून दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि शेवटी बागमांडला. मांडव्यापासून अलिबाग वीस किलोमीटर, अलिबागपासून मुरूड पन्नास, आणि सगळं मिळून दीडशेच्या आसपास. पायात जोर असलेली तरुण मुलं हे अंतर एका दिवसात तोडतात आणि घड्याळाचा फोटो काढून एकमेकांना पाठवतात. त्यांचं कौतुकच आहे. पण मी पन्नाशी ओलांडलेला कारकून माणूस. मी चार दिवस घेतो, आणि ऐकणाऱ्यांनीही चार दिवस घ्यावेत असं माझं मत आहे.

आधी वाऱ्याचं सांगतो, कारण सायकलवाल्याचा खरा मित्र किंवा खरा वैरी तोच. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकवले होते, परीक्षेपुरते. या किनाऱ्यावर ते अंगाला लागतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून थंड, हलका वारा समुद्राकडे वाहतो. दहा-अकरानंतर समुद्राकडचा वारा उठतो, तो सहसा वायव्येकडून येतो. म्हणजे तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला निघाला असाल तर दुपारचा वारा पाठीवर हात ठेवून ढकलत नेतो. उलट दिशेनं निघालात तर तोच वारा छातीवर हात ठेवून थोपवतो. म्हणून मांडव्याकडून निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. आणि शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या काशीदच्या वाळूकडे अशा धावतात की जणू समुद्र सोमवारी बंद होणार आहे.

दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर. पहाटे निघायचं, उन्हं चढण्याआधी निम्मं अंतर उरकायचं. टायर फार बारीक नकोत, कारण वळणांवर वाळू आलेली असते, गावात गतिरोधक एकाला एक लागून असतात, आणि कोळीवाड्यांजवळ रस्त्याच्या कडेला सुकत घातलेली मासळी असते. ती चुकवायची, तिच्यावर कुणाचं पोट आहे. रात्री मुक्कामाला पोचलं की सायकल गोड्या पाण्यानं पुसून साखळीला तेल द्यायचं. खारी हवा लोखंड खाते. आमच्या मुरूडच्या बाजारात एक सायकलमिस्त्री होते, ते म्हणायचे, ‘इथल्या सायकलीला दोन धनी. एक चालवणारा आणि एक गंज.’ त्यांच्याकडे तासाच्या भाड्यानं सायकली मिळायच्या. नळीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत मी त्यांच्याच सायकलवर शिकलो. सीटवर बसून पाय पुरायला लागले तेव्हा आठवीत होतो.

मांडव्याहून चोंढीमार्गे अलिबागकडे येताना उजव्या अंगाला किहीम लागतं. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो या किहीमला. सुगरणीचा नर घरटं विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, ही सगळी भानगड त्यांनी इथं शिडीवर बसून टिपली. पावसाळा संपता संपता इकडे आलात तर ती घरटी अजूनही झाडावर लोंबताना दिसतील, आणि त्यांच्याखालून जाताना जो कलकलाट कानावर येतो त्याला सायकल थांबवून दाद द्यावी लागते.

इथून जवळच नवगाव. फार फार वर्षांपूर्वी एक गलबत या किनाऱ्यावर फुटलं, त्यातून वाचलेली मोजकी माणसं इथं राहिली आणि त्यांचेच वंशज म्हणजे आपले बेने इस्राएल, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळणं हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद; म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. त्यांची आडनावं पाहा. किहीमकर, चेऊलकर, रेवदंडेकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण जाताना गावं आडनावात बांधून घेऊन गेले आणि मराठीही नेली. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी काढलं. माझ्याही आडनावात एक गाव आहे, इथलंच. त्यामुळे या रस्त्यावर दगडावर कोरलेली गावांची नावं वाचत जाताना मला कधी कधी नातेवाइकांच्या घरांवरच्या पाट्या वाचत असल्यासारखं होतं.

अलिबाग सोडलं की आक्षी. इथं एक दगड आहे. वर्षानुवर्षं तो रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याला वळसा घालून बैलगाड्या, एसट्या, मोटारी गेल्या. त्यावर मराठी अक्षरं कोरलेली आहेत. अभ्यासक त्याचा काळ शके ९३४ लावतात, म्हणजे इसवी सन १०१२. बी.ए.ला आम्हाला आद्य मराठी लेख म्हणून श्रवणबेळगोळचं नाव शिकवलं होतं, आता बरेच जण आक्षीचं नाव आधी घेतात. तो वाद विद्वानांनी मिटवावा. माझ्या मनात वेगळंच येतं. याच रस्त्यानं पुढे दिवेआगर आहे, आणि तिथं सापडलेला ताम्रपट शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा. तोही मराठीच्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी एक. म्हणजे दगडावरची मराठी आणि तांब्यावरची मराठी, दोघी या एकाच किनारी वाटेवर. मराठी लिहिणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदा तरी हे अंतर स्वतःच्या पायांनी कापायला काय हरकत आहे?

आक्षी, नागाव, चौल हा या वाटेचा सगळ्यांत सपाट आणि सगळ्यांत गोड भाग. इथं रस्ता गावातून जातो असं म्हणणं चूक आहे. रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, गडग्यांच्या आत नारळ-सुपारी, मध्येच एखादी विहीर. आमच्याकडे समुद्रकाठच्या अशा नारळ-सुपारीच्या बागेला आगर म्हणतात. दिवेआगर, वेळास-आगर या नावांतलं आगर ते हेच. पूर्वी या विहिरींवर रहाट असायचे. पोहऱ्यांतून पडणारं पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून झाडांच्या अळ्यात. रहाटाचा तो कुरकुर आवाज चौलच्या रस्त्यावर पहाटे ऐकला की अजून कुणीतरी आपल्या आधी उठलंय असं वाटायचं. आता पंप आहेत. पंप सोयीचे आहेत, त्यांची तक्रार नाही. पण पंपाच्या आवाजावर कविता सुचत नाही, हेही खरं.

थंडीत या बाजूला गेलात तर दोन गोष्टी चुकवू नका. भात कापून झालेल्या शेतांत अलिबागचा पांढरा कांदा लावतात. पुढे त्याच्या वेण्या घालून रस्त्याकडेला टांगलेल्या असतात. आणि वालाच्या शेंगांचा हंगाम आला की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी भरून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. सायकलवरून उतरलेल्या भुकेल्या माणसाला शेकोटीजवळच्या लोकांनी हाक मारली नाही असं माझ्या बाबतीत अजून झालेलं नाही.

चौल हे फार जुनं बंदर. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथंच उतरला. आज त्या बंदराचं बंदरपण शोधावं लागतं, खाडी गाळानं भरली. शेजारचं रेवदंडा पोर्तुगीजांच्या तटबंदीच्या आत वसलेलं. सायकल तटाच्या दरवाजातून आत शिरते आणि गाव लागतं. मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल. पूल ओलांडला की साळाव आणि थोडं पुढे, समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला.

किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात जरा थांबा. चहा घ्या आणि शेजारच्या माणसांचं बोलणं ऐका. ती मराठी नाही, कोकणीही नाही. पोर्तुगीज १७४०मध्ये इथून गेले. त्यांची भाषा मात्र गेली नाही. इथल्या ख्रिस्ती समाजाच्या तोंडात ती मराठीत मिसळून, मुरून राहिली. ‘नोलिंग’ म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. हजाराच्या आसपास माणसं ती बोलतात. लिपी नाही, शाळेत शिकवत नाहीत, दोन बाजूंना मराठी आणि समोर समुद्र, तरी पावणेतीनशे वर्षं ती टिकली. ती का टिकली याची अभ्यासकांनी पुष्कळ कारणं दिली आहेत. सायकलवाल्याला एक कारण दिसतं. किल्ल्याच्या डोंगरानं आणि खाडीनं हे गाव एका अंगाला ठेवलं होतं. इथं मुद्दाम वळल्याशिवाय कुणी येत नसे.

बोर्ली, बारशिव करत काशीद लागतं. काशीदबद्दल मी थोडकंच बोलेन, जाहिराती पुष्कळ बोलतात. काशीदनंतर मात्र रस्ता चढू लागतो. डाव्या हाताला फणसाडचं जंगल. जंजिऱ्याच्या नबाबांचं हे शिकारीचं रान, १९८६मध्ये अभयारण्य झालं. चढावर तुमचा श्वास आणि शेकरूची खट्‌खट्‌ एवढंच ऐकू येतं. चढ फार नाहीत. धापा टाकण्याइतके आहेत, रडण्याइतके नाहीत. नांदगावच्या आगरात उतरलात की पुन्हा सावली, आणि मुरूडच्या वेशीवर टेकाडावर नबाबाचा वाडा.

सावली म्हटलं, पण इथं थांबून सांगायला हवं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. त्याआधी नागावपासून श्रीवर्धनपर्यंत आगरांतल्या रस्त्यावर भर दुपारी ऊन जमिनीला लागत नव्हतं. मी डोक्यावर टोपी घेत नसे. काही तासांत सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, तिच्या बागाच्या बागा झोपल्या. नारळ वाकला तरी कधी कधी उभा राहतो. सुपारी बारीक अंगाची, ती मोडते. नवं रोप लावलं तर फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, भरात यायला त्याहून जास्त. वादळानंतर पहिल्यांदा दिवेआगरला सायकलनं गेलो तेव्हा नेहमीच्या जागी मला उन्हाचा चटका बसला आणि क्षणभर वाट चुकलो की काय असं वाटलं. एक म्हातारे वाडीवाले तुटक्या बुंध्यांमध्ये रोपं लावत होते. म्हणाले, ‘मी लावतोय ती नातवाच्या लग्नातल्या विड्याला.’ ती रोपं आता डोक्याच्या वर गेली आहेत.

मुरूडहून राजपुरीच्या खाडीकाठानं आगरदांडा. इथं रस्ता पाण्यात जातो आणि समोर, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटण्याइतक्या अंतरावर, दिघी दिसते. पलीकडे जायला फेरीबोट आहे, तिला आमच्याकडे जंगलजेट्टी म्हणतात. ट्रक, मोटारी, मोटरसायकली, मासळीच्या पाट्या, आणि एका कोपऱ्यात लोखंडी कठड्याला टेकवलेली माझी सायकल. समुद्राच्या बाजूला जंजिरा. मागे आगरी बोलणं, पुढे कोळी बोलणं, डावीकडे आमची मुसलमानी कोकणी बोली, आणि मुंबईच्या गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्यांची हिंदी. बोटीवर कुणालाच घाई करता येत नाही, म्हणून लोक बोलतात. माझ्या किती तरी कवितांतले शब्द मला या बोटीवर मिळाले आहेत. ‘तुझ्या सायकलीला तिकीट पडला का रं?’ असं विचारणाऱ्या एका मावशींनी भरती-ओहोटीसाठी मला सहा वेगवेगळे शब्द सांगितले होते. ते मी शब्दकोशात शोधले तर दोनच सापडले.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मी निवडला तिच्याकडे येतो.

कोकणच्या किनाऱ्यानं उत्तरेच्या रेवसपासून दक्षिणेच्या रेड्डीपर्यंत एक सलग सागरी महामार्ग असावा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. ते आमच्याच पट्ट्यातले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. १९८० ते ८२ मुख्यमंत्री होते. पुढची चाळीस वर्षं हा महामार्ग तुकड्यातुकड्यांत राहिला, कारण दर पंधरा-वीस कोसांवर एक खाडी आडवी येते. आता राज्य सरकारनं तो रस्ते विकास महामंडळाकडून पुरा करायचं ठरवलं आहे. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाड्यांवर पूल योजलेले आहेत.

पूल नकोत असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. म्हणूच शकत नाही. माझी आपा दिघीला दिली आहे. तिच्या पहिल्या बाळंतपणाला, नव्वदच्या दशकात, रात्री कळा सुरू झाल्या. इस्पितळ मुरूडला. डोळ्यांसमोर मुरूडच्या बाजूचे दिवे दिसत होते, पण रस्त्यानं यायचं तर म्हसळ्याकडून काही तासांचा वळसा, आणि रात्री गाडी कुठली? शेजारच्या कोळ्यानं होडी काढली. ओहोटी होती. अलीकडच्या काठाला होडी चिखलात रुतली आणि भरती चढेपर्यंत ती दोघं, आपा आणि तिची सासू, कंदिलाच्या उजेडात होडीत बसून होत्या. भाची सुखरूप जन्मली. आज पनवेलला शाळेत शिकवते. पण त्या रात्री अब्बा या काठावर उभे होते आणि आपाचं ओरडणं त्यांना पाण्यावरून ऐकू येत होतं. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. त्यानंतर खाडीच्या सौंदर्याबद्दल आमच्या घरात कुणी बोललं नाही. फेरीबोटीतून सूर्यास्त पाहायला येणाऱ्या पाहुण्यानं खाडीकाठच्या माणसाला पूल नको म्हणून सांगू नये.

तेव्हा प्रश्न पुलाचा नाही, पुलावर कुणाला जागा असेल याचा आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबईच्या खाडीवरचा शिवडी-न्हावाशेवा पूल, अटल सेतू, सुरू झाला. बावीस किलोमीटरचा देखणा पूल आहे. त्यावर सायकलला बंदी आहे, मोटरसायकललाही, रिक्षालाही. वेगवान गाड्यांचा तो रस्ता, त्यामागचं कारण मला समजतं. मुंबईकराला दुसरे मार्ग आहेत. पण उद्या आगरदांडा-दिघीला पूल झाला, गिऱ्हाईक नाही म्हणून फेरीबोट बंद पडली, आणि पुलावर चालणाऱ्याला व सायकलवाल्याला जागाच ठेवलेली नसली तर? सायकल म्हणजे रंगीत कपडे घालून आलेले पर्यटक नव्हेत. मुरूडच्या शाळेत येणारी पोरं आहेत, पाटी कॅरिअरला बांधून जाणारा मासळीवाला आहे, पाववाला आहे. आज बोट सगळ्यांना सारखं नेते. ट्रक आणि सायकल एकाच फळीवरून चढतात. पुलाचा आराखडा कागदावर असतानाच त्यात दोन्ही अंगांना मीटर-दीड मीटरची, कठड्यानं वेगळी केलेली पायवाट धरली तर खर्च थोडा वाढेल. पूल उभा राहिल्यावर ती पट्टी जोडता येत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या रस्त्याची. महामार्ग म्हणजे रुंदी आली. गावाबाहेरून, डोंगराच्या अंगानं नवा रस्ता काढला तर जमिनी जातील, त्याचा मोबदला, त्याची भांडणं, हे सगळं होईल. गावातलाच रस्ता रुंद करायचा ठरवला तर गडगे जातील, विहिरी जातील, आणि वादळातून वाचलेली सुपारी करवतीखाली जाईल. मला विचाराल तर नवा रस्ता बाहेरून न्यावा आणि जुन्याला जुनाच राहू द्यावा. डांबर घालावं, मोऱ्या दुरुस्त कराव्यात, कडेला झाडं लावावीत, पण रुंद करू नये. लांब पल्ल्याच्या गाड्या बाहेरून गेल्या की हा जुना रस्ता आपोआप सायकलचा, पायी चालणाऱ्याचा, बैलगाडीचा होईल. त्यासाठी वेगळा सायकल मार्ग बांधायला नको, त्याला लाल-निळा रंग फासायला नको, उद्‌घाटनही नको.

माझा एक भाचा कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहे. तो म्हणतो, ‘मामू, तुमची चार दिवसांची सफर आम्ही अडीच तासांवर आणतोय, आणि तुम्ही रडताय!’ त्याचंही बरोबर आहे. अडीच तासांत मुंबईहून श्रीवर्धनला माल पोचला तर सुपारीवाल्याला भाव मिळेल. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या कागदावर मामूची सायकल कुठून जाते ते दाखव. त्यानं कागद बराच वेळ उलटापालटा केला.

असो. बोटीतून उतरून दिघीला पुन्हा सायकलवर बसू. दिघीचा चढ या वाटेतला सगळ्यांत खडा. उतरून ढकलली तर लाज बाळगू नये. पुढे वेळास, आदगाव, मग दिवेआगर. ताम्रपट तुम्हाला रस्त्यावर दिसणार नाही, पण गाव आहे, आणि दुपारी केळीच्या पानावरचं जेवण आहे. दिवेआगरहून श्रीवर्धनला दोन वाटा जातात. आतली जवळची म्हणतात ती सोडा. भरडखोल, शेखाडी, आरावी ही किनाऱ्याची वाट धरा. वीस-बावीस किलोमीटर, आणि त्यातल्या बऱ्याच भागात रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त काळे खडक. लाटेचे तुषार चष्म्यावर येतात. भरडखोलला होड्या लागलेल्या असतील तर जाळी विणणाऱ्यांपाशी बसा.

शेखाडीचं नाव पुष्कळांनी वेगळ्या कारणानं ऐकलेलं आहे. १९९३च्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांतली स्फोटकं ज्या ठिकाणी उतरली त्यांत दिघी आणि शेखाडी ही नावं होती. ती कोणी उतरवली आणि ते पाहून कस्टम आणि पोलिसांतल्या कोणी डोळे मिटले, त्याचा खटला चालला, शिक्षा झाल्या. पण गावाचं नाव त्या खटल्यात अडकून राहिलं. या दोन गावांची नावं घेतली की मुंबईच्या कचेरीत समोरचा माणूस कागदावरून नजर वर करतो, हा अनुभव इथल्या, आणि विशेषतः माझ्यासारखं नाव असलेल्या, पुष्कळांना आहे. सायकलवरून शेखाडीत शिरलात तर काय दिसतं? पंचवीस-तीस कौलारू घरं रस्त्याला लागून, दारात सुकट, वाळूत उलट्या घातलेल्या होड्या, आणि शाळेतून येणारी पोरं, जी सायकलच्या मागे पळत ‘काका, घंटा वाजवा’ म्हणतात. मी वाजवतो. मोटारीतून जाणाऱ्याला हे गाव दहा सेकंद लागतं. तेवढ्यात त्याला फक्त पाटीवरचं नाव वाचता येतं.

श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव, बाळाजी विश्वनाथ भट इथले. मुक्काम इथं करा. सकाळी हरिहरेश्वरच्या वाटेला लागा, तेही वीस किलोमीटरच्या आतच. चढ-उतार आहेत, गर्दी नाही. हरिहरेश्वरला समुद्रानं खडकात कोरलेल्या नक्षीतून प्रदक्षिणेची वाट जाते; ओहोटी असेल तेव्हाच तिथं उतरा, तिथल्या सूचनेची पाटी शोभेची नाही. मग चार-पाच किलोमीटरवर बागमांडला. इथं सावित्री समुद्राला मिळते आणि पलीकडे रत्नागिरी जिल्हा, वेशवी आणि बाणकोट. इथल्या पुलाचं काम सुरू होऊन रखडून किती तरी वर्षं झाली. अर्धवट खांब पाण्यात उभे आहेत, त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात, आणि त्यांच्या बाजूनं फेरीबोट येते-जाते.

ज्यांना परतायचं आहे त्यांनी श्रीवर्धनहून माणगाव गाठावं, कोकण रेल्वेचं स्टेशन तिथं आहे. सायकलचं लगेज आधी चौकशी करून मगच. ज्यांच्या पायात अजून जोर आहे त्यांनी बोटीत चढावं. पलीकडे वेळासचा किनारा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात, आणि त्यांच्यापुढे आपला सगळ्यांचाच वेग फार. शेवटची बोट किती वाजता ते मात्र आदल्या दिवशी गावात विचारून ठेवा. पावसाळ्यात आणि वाऱ्याच्या दिवसांत वेळा बदलतात, आणि बागमांडल्याच्या धक्क्यावर रात्र काढायची वेळ आली तर डास फार आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)